खांदशेकणीचं तेल

गोणपाटावर दहा वस्तू होत्या: मागचं चाक, चाकाची दांडी, दांडीचा नट, नळीसारखा एक स्पेसर, ब्रेकची गोल प्लेट, दोन ब्रेक शू, त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंगा आणि ब्रेकच्या सळईचा नट. अकरावी वस्तू, म्हणजे दांडीचा नट सुटू नये म्हणून लावायची पिन, असायला हवी होती. तिच्या जागी कुंपणाच्या तारेचा तुकडा पिळून बसवला होता. रीनानं तो वेगळा, पायरीवर ठेवला.

मोटारसायकल तिनं याआधी कधी खोलली नव्हती. मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले, शेजारच्या नत्थूकाकांकडून पाने मागून आणले आणि आईबाबा शेतावर, धानाच्या बांधीत गेल्यावर अंगणात बसकण मारली. घरात तिचा मोठा भाऊ चंद्रकुमार रात्रपाळी करून झोपला होता. त्याचं घोरणं बाहेरपर्यंत येत होतं.

ब्रेक शूवरचं अस्तर खरबरीत आणि राखाडी असायला हवं, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. हातातले शू काळे आणि लाखेच्या बांगडीसारखे चमकत होते. तिनं नखानं खरवडलं. नख घसरलं. मग नाकाशी धरलं. जळक्या वासाच्या आत आणखी एक वास होता, ओळखीचा, थोडा कडवट. जवसाच्या तेलाचा.

तिला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: त्या दिवशी आपण ब्रेक दाबला होता की नव्हता?

पोळा होऊन काही दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. पहिल्या पाळीला वरठीच्या कारखान्यात जायचं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचं तात्पुरतं काम तिला मिळालं होतं. बीएस्सी होऊन घरात बसलेल्या पोरीला गावात कोण विचारतं? त्या कामामुळं लोक तिला विचारू लागले होते. एवढ्या सकाळी गावातून बस नव्हती. गाडी होती ती एकच, चंद्रकुमारची. त्याची पाळी दुसरी असली की ती एकटी गाडी नेई. तलावाच्या पाळीवरून, त्या उंच बांधावरून, गाडी खाली उतरली आणि समोर गावातल्या शकुनबाई, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या, रस्ता ओलांडत होत्या. पुढचं रीनाला तुकड्या-तुकड्यांनी आठवे. गवत सगळीकडे. शकुनबाईंचा हात मनगटातून वाकडा.

लोक जमले. चंद्रकुमारही घरून धावत आला. अजून त्याची धाप थांबली नव्हती, तोच तो सगळ्यांसमोर म्हणाला, "घाबरली ते. ब्रेकच नाही दाबला तिनं."

तो तिथं नव्हता, मग त्याला कसं कळलं, हे कुणीही विचारलं नाही. रीनानंही नाही. बाबांनी तिच्याजवळची चावी काढून घेतली आणि करदोड्याला बांधली. "गाडी आता चंदूच चालवंल," ते म्हणाले. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सोमवारपर्यंत वाट बघायचं कबूल केलं. त्यानंतर ते दुसऱ्या कुणाला घेणार होते.

आपला पाय ब्रेकवर पडला होता, पार खाली गेला होता, असं रीनाला पक्कं आठवत होतं. पण जो तो उलट सांगू लागला की माणूस स्वतःच्या पायावरही शंका घेतो. आणि सांगणारा दादा होता. पोरीनं मोटारसायकल चालवायची म्हटल्यावर बाबा पाय आपटत होते, तेव्हा "माझी बहीण आहे, मी शिकवतो," असं म्हणणारा दादा. क्लच कसा सोडायचा हे शाळेच्या मैदानावर, उन्हात, तिच्यामागे पळत पळत शिकवणारा दादा. तो कशाला खोटं बोलेल?

तिनं चाकाच्या मध्यभागच्या, ब्रेकच्या गोल डब्याच्या कडेला साचलेली चिकट घाण ब्लेडनं काढली. काळ्या थराखाली पिवळट रेघ होती. घरातून कपड्यांचा सोडा आणला, वाटीत पाण्यात कालवला, कापसाचा बोळा बुडवून त्या रेघेवर दाबला. बोळा लाल झाला. रक्तासारखा नव्हे, विटेसारखा.

हळद.

हळद घातलेलं जवसाचं तेल त्यांच्या घरात वर्षातून एकदाच निघे, पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे त्या दिवशी तेलहळदीनं चोळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून त्यांना जेवणाचं निमंत्रण द्यायचं. तिच्या बाबांनी, देवाजींनी, बैलजोडी विकून टाकली होती. नांगरटी आता ट्रॅक्टरनं होई. पण हात स्वस्थ बसत नव्हते. मग गेली काही वर्षं ते मोटारसायकलचेच खांदे शेकत. गाडीचे खांदे कुठले? तर दोन्ही चाकांच्या मध्यभागचे ब्रेकचे डबे. ते फडक्यानं वरून तेल पुसत आणि गाडीलाही आवतन देत. सगळं घर हसे. ते वरूनच पुसत, हे मात्र रीनानं यंदाही डोळ्यांनी पाहिलं होतं. आत तेल कसं गेलं?

"काय वो, गाडीचं पोस्टमॉर्टम करून राहिली का?"

चंद्रकुमार दारात उभा होता, लुंगी सावरत, डोळे चोळत.

"दादा, आतमंदी खांदशेकणीचं तेल कसं गेलं?"

त्यानं लाल बोळ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि हसला. "कॉलेजात हेच शिकवतात का तुम्हाले?"

"सांग ना."

"अगं, चाक कसं रडून राहिलं होतं, आठवते ना? कीं कीं कीं. बाबा रोज म्हणे, मेकॅनिककडे ने, मेकॅनिककडे ने. कोण जाते त्याच्या दारात बसाले? वाटीत तेल उरलं होतं. फटीतून ओतलं आत. आवाज बंद! बाबा खूश, गाडी खूश."

"आन ब्रेक?"

"ब्रेकचं काय. थोडा घसरते. मी तं तसाही ब्रेक कमीच मारतो." तो पायरीवर बसला. त्याची कळी खुलली होती. आळशी माणूस आपल्या आळसाच्या युक्त्या सांगू लागला की थांबत नाही. "गिअर खाली पाडायचा. गाडी आपोआप दबते. फाटक लागलं असंल तं चप्पल घासायची. हे पाह्य." त्यानं उजव्या पायातली चप्पल उलटी करून दाखवली. टाच एका बाजूनं कागदासारखी झाली होती. "साखळी वाजली का मोबाईलवर गाणं लावायचं. इंजिनाचं तेल बदलून तं मले आठवतच नाही."

"समोरचा ब्रेक?"

"त्याची तार तुटली ना मागच्या दिवाळीत."

रीनाचे हात थांबले. "पण लिव्हर तं दाबला का परत येते."

"लटकत होता म्हणून ट्यूबची रबर बांधली मी. दिसाले बरं. समोरचा ब्रेक कोण दाबते वो, पलटी मारते गाडी."

त्या दिवशी तिनं तोही दाबला होता. चार बोटांनी, जीव खाऊन. लिव्हर हाताला घट्ट लागला होता, जिवंत वाटला होता. ती एक रबर ओढत होती.

अंगणातल्या कोंबड्या गोणपाटापाशी आल्या. तिनं त्यांना हाकललं.

"पोळ्यापासून तू पाळीवरून नाही जात," ती हळूच म्हणाली. "राईस मिलच्या मागून जाते. मी विचारलं, तं म्हणे खड्डे आहेत."

तो चपलेची झिजलेली टाच अंगठ्यानं चोळत राहिला.

"तुले माहीत होतं, उतारावर गाडी थांबत नाही."

"माहीत तं होतं."

"मले नाही सांगितलं."

"विसरलो असन."

"मग सगळ्यायसमोर काहून म्हटलं, का मी ब्रेकच नाही दाबला?"

चंद्रकुमारनं चप्पल पायात घातली. आता तो हसत नव्हता. "अगं, त्या टायमाले दुसरं काय म्हणू? बाबानं गाडीच विकली असती. माझी नोकरी पक्की आहे, मले रोज जा लागते. तुझं काय, सहा महिन्याचं काम. उद्या लग्न झालं का तसंही सुटंल." थोडं थांबून, समजुतीच्या आवाजात तो म्हणाला, "आन तेल बाबाच्याच वाटीतलं ना. बाबाले काहून वाईट वाटू द्यायचं? बसव ते चाक. उद्या-परवा मी शू बदलून टाकतो."

रीनाला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. मैदानावर मागे पळणारा दादा तिनं पुन्हा डोळ्यांसमोर आणून पाहिला आणि त्याचा चेहरा तिला नीट दिसेना.

संध्याकाळी आईबाबा बांधीतून आले. पायांना चिखल तसाच होता. रीनानं शू पुढ्यात ठेवले आणि सगळं सांगितलं, वाटीपासून रबरीपर्यंत. देवाजी ऐकत राहिले. मग त्यांनी पोराकडे पाहिलं.

"हो का रे?"

"मी कधी असं म्हटलं?" चंद्रकुमार म्हणाला. सहज म्हणाला, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. "ब्रेक थोडा घसरते, एवढंच म्हटलं. गाडी थांबते ना. मी रोज थांबवतो. तिच्या हातून झालं, तं आता तिले गाडीतच खोट दिसून राहिली."

आई, सुंदरबाई, दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "जाऊ दे ना माय. भाऊ आहे तो तुझा."

दुपारी तो जे बोलला ते एकदा बोलून संपलं असतं. पण आता तेही त्यानं तिच्यासमोरच नाकारलं होतं. एकाच गोष्टीसाठी माणूस दोनदा कसा तोंडघशी पाडतो, हे रीनाला त्या दिवशी कळलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी शू पुसले नाहीत. जसे निघाले तसेच बसवते. दादाले आज रात्री सुटी आहे. उद्या पाळीवरून गाडी सोडून पाहू. इंजिन बंद. उतार तोच, म्हणून वेगही जवळपास तोच. मग मोजू."

देवाजींनी मान हलवली. त्यांना मोजणं कळत होतं. बांधावरून भांडण झालं की गावात टेपच काढत.

सकाळी पाळीच्या पायथ्याशी पाच जण होते. शकुनबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात घेऊन त्या स्वतःच आल्या. "हात माझा मोडला," त्या म्हणाल्या, "मले पाहू द्या तरी कायनं मोडला ते."

उतार संपतो तिथं, जिथं ब्रेक दाबल्याचं रीनाला आठवत होतं, तिथं तिनं चुन्याची रेघ ओढली. आपण कुठं होतो ते शकुनबाईंनी पायानं दाखवलं. तिथं दगड ठेवला. देवाजींनी शेतमोजणीची टेप ओढली. रेघेपासून दगड अठरा मीटर.

"अठरा मीटर!" देवाजी म्हणाले. "एवढ्यात तं भरली बैलबंडी थांबंल, पोरी."

दगडाच्या पुढं रस्ता सरळ जाऊन मोकळ्या खळ्यात शिरत होता. तिथं कुणी नव्हतं. रीना आणि चंद्रकुमारनं गाडी ढकलत पाळीवर नेली. वर गेल्यावर तिनं हँडल त्याच्यापुढं केलं.

"बस. तू तं रोज थांबवतो."

"मी कायले बसू?"

"न्यूट्रल कर. रेघेवर आलं का दोन्ही ब्रेक दाब. चप्पल नाही घासायची."

चंद्रकुमारनं पाय टाकला. खाली बघितलं. तलावाचं पाणी एका बाजूला चमकत होतं. त्यानं पाय काढून घेतला. "माझा गुडघा दुखून राहिला आज."

"कोणता रे?" खालून शकुनबाई ओरडल्या. "आताच तं शेळीवानी चढला पाळीवर!"

"चंदू," देवाजींचा आवाज आला. "बस."

"मी नाही बसत."

"काहून?"

तो हातानं हँडलवरचा रबराचा तुकडा चाचपत राहिला. रीनानं त्याच्या हातातून हँडल काढून घेतलं आणि स्वतः बसली.

"उतर वो," तो हळूच म्हणाला. "पडशीन."

पहिल्यांदाच, आणि एवढ्या दिवसांनी, तो तिला हे सांगत होता. रीनानं न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो का ते सवयीनं पाहिलं. तो दिवाही बंदच होता. पायानं चाचपून गिअर सोडवला आणि पाय उचलले.

गाडी आवाज न करता सुटली. वारा कानात आला. रेघ जवळ आली, चाकाखाली गेली, त्याच क्षणी तिनं उजवा पाय पार खाली दाबला आणि चारही बोटं लिव्हरवर आवळली. पाय खाली गेला. लिव्हर आत आला. गाडी चालत राहिली. दगड डावीकडून मागे गेला. शकुनबाईंनी साबूत हात तोंडावर ठेवला. खळ्याच्या तोंडाशी आल्यावर गाडी कंटाळल्यासारखी मंदावली आणि थांबली. रीनाचा पाय अजून ब्रेकवर दाबलेला होता. तिनं तो उचलला नाही.

देवाजी टेप घेऊन आले. सुंदरबाईंनी रेघेवर टोक धरलं. टेप तीस मीटरची होती, ती संपली. देवाजींनी तिथं पायाच्या अंगठ्यानं मातीत खूण केली, सुंदरबाईंना पुढं बोलावून त्या खुणेवर टोक धरायला लावलं आणि पुढच्या चाकापर्यंत पुन्हा ओढली. मग खाली वाकून आकडा वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं.

एकतीस मीटर, वीस सेंटीमीटर.