रुमालाखालचा सौदा

आखातातल्या सलमाबादच्या कडेला शेळ्यामेंढ्यांचा जुना बाजार भरायचा. चौऱ्याण्णव साली तो दूरच्या नव्या शेडमध्ये हलवला गेला आणि रिकाम्या जागेवर गोदामं बांधायचं काम शामराव मेश्राम नोकरीला होता त्या कंपनीकडे आलं. शामराव उमरेडकडचा, सर्वेअर. जागा मोजून कुंपण घालून घ्यायची जबाबदारी त्याची.

पहिल्याच सकाळी पाण्याच्या कोरड्या हौदावर त्याला एक म्हातारा, एक म्हातारी आणि काळी शेळी दिसली. म्हातारा गनी. उभी हयात या बाजारात दलाली केलेला, आता नजर जवळजवळ गेलेली. सोबत बायको जुबैदा. तरुणपणी मुंबईच्या फेऱ्या केल्यामुळे गनीला हिंदी बरी यायची.

"बाबा, इथला बाजार खलास," शामराव म्हणाला.

"माहीत आहे. पण ही शेवटची शेळी मला इथंच विकायची आहे."

जुबैदानं हताशपणे हात हलवला. गिऱ्हाईक येणार कुठून?

साइटचा इंजिनीअर राजनसाहेब भला माणूस. "कुंपण पुरं होईपर्यंत बसू द्या त्यांना," एवढंच तो म्हणाला.

मग शामराव दुपारचा डबा हौदावर बसून खाऊ लागला. गनीला बोलायला माणूस हवाच होता. पूर्वी, तो सांगायचा, बंदरावरून कळप चालत यायचे, पुढं घंटा बांधलेला बोकड. ईदच्या आधी पाय ठेवायला जागा नसायची. एकदा धुळीचं वादळ उठलं आणि सगळे कळप एकमेकांत मिसळले. कोणाची मेंढी कोणती, कळेना. आता डोकी फुटणार असं वाटलं, तेवढ्यात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजला. मग एकेकानं आपापल्या कळपाला हाक दिली, आणि मेंढ्या ज्याच्या त्याच्याकडे गेल्या.

"आणि भाव कसा ठरायचा?" शामरावनं विचारलं.

"रुमालाखाली. बोटं धरून, खुणांनी."

शामरावचा घास हातातच राहिला. त्याच्या गावच्या बैलबाजारातही भाव असाच ठरायचा. त्याच्या बापानं त्या बाजारातलं शेण उचलण्यात जन्म काढला. एकदा पै पै साठवून बाप गोऱ्हा घ्यायला गेला, तर व्यापाऱ्यानं रुमाल काढलाच नाही. लांबूनच, चारचौघांत, ओरडून भाव सांगितला. शिवायचं नव्हतं ना.

घरी त्यानं बायकोला, अंजनाला, सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"मंग तुम्हीच घ्या ना ते शेळी," ती म्हणाली.

"फ्लॅटमंदी शेळी ठेवतेस काय?"

"ठेवाचं मंग पाहू. म्हातारा रोज उनात बसते, त्याचं पाहा."

कुंपणाचे शेवटचे खांब उभे राहत होते त्या दिवशी शामराव गनीसमोर जाऊन बसला. "बाबा, शेळी मला पाहिजे."

गनी ताठ झाला. त्यानं शेळीचे दात दाखवले, कासेला हात लावायला लावला, तिचा हट्टी स्वभावही लपवला नाही. मग डोक्यावरचा गुत्रा, तो मोठा रुमाल, काढून दोघांच्या हातांवर पांघरला. शामरावला खुणा नीट येत नव्हत्या. गनीनं एकेक बोट दाबून शिकवल्या. मग सौदा सुरू झाला. शामराव भाव चढवत गेला, गनी उतरवत गेला.

गनी हसायला लागला. "असं उलटं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं."

भाव ठरला, तरी शामरावला हात सोडवेना. "माझ्या बापाचा हात असा कोणी धरला नाही," तो हळूच म्हणाला.

गनीनं का म्हणून विचारलं नाही. त्यानं दुसराही हात रुमालाखाली सरकवला आणि शामरावचा हात दोन्ही हातांत घेतला. "हा त्याच्या वाटचा," तो म्हणाला. जुबैदानं तोंड फिरवून डोळे पुसले.

शेळी जुबैदाकडेच राहिली. जुम्म्याच्या सुट्टीला शामराव, अंजना आणि त्यांची लहानगी श्रावस्ती शेळीचं दूध प्यायला जाऊ लागले. "कॅन आय होल्ड हर?" श्रावस्ती विचारायची. जुबैदाला इंग्रजी मफी, म्हणजे अजिबात नाही, पण ती दावं पोरीच्या हातात द्यायची.

गोदामं उभी राहिल्यावर गनीनं एकदा विचारलं, "तिथं आता काय दिसतं?"

शामरावनं खरं ते सांगितलं. पत्र्याच्या भिंती, मोठं फाटक, ट्रक.

"फाटक कुठल्या बाजूला?"

"हौद होता तिथं."

"म्हणजे चहावाला बसायचा त्याच्या समोरच," गनी म्हणाला, आणि श्रावस्तीला जवळ बसवून चहावाल्याची गोष्ट सांगू लागला. शामराव ती मराठीत करून देत राहिला.