चोरटा श्वास

नव्या संगीतिकेच्या पहिल्या प्रयोगाच्या दुपारीच मुख्य गायिका एर्सिलियाचा आवाज बसला. कॉफी मागायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. डॉक्टरनं घशात डोकावून मान हलवली आणि वाद्यवृंदाचा प्रमुख झनार्दी लगेच म्हणाला, "डेल्फिनाला सगळं पाठ आहे."

पाठ असणारच. एर्सिलियाबाईंनीच तर शिकवलं होतं. बेकरीवाल्याची ही पोर लहानपणापासून एर्सिलियाच्या घरी गायला यायची, आणि हल्ली ती गायला लागली की शेजारी खिडक्या उघडायचे. पूर्वी ते एर्सिलियासाठी उघडायचे. हे लक्षात आलं त्या दिवसापासून बाईंच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषध नव्हतं.

राणीची भूमिका म्हणजे एर्सिलिया, हे पार्मा शहरात कधीचं ठरलेलं. बाकीच्या गावांत लोक संगीतिका ऐकायला येतात, इथे तपासायला येतात. वरच्या गॅलरीत न्हावी, खाटीक, चीजवाले बसतात, त्यांना सूरन् सूर पाठ. कोणी चुकलं की शिट्ट्या मारून हाकलून लावतात, मग ती कितीही मोठी गायिका असो. त्या गॅलरीनं एर्सिलियाला 'आपली' म्हटलं होतं. ती जागा शिष्येला द्यायची? मेले तरी नाही!

"उभी मी राहणार," ती झनार्दीच्या कानाशी फुसफुसली. "ती कोपऱ्यातून गाईल."

तशी रीतच आहे. घसा बसलेली गायिका अभिनय करते, ओठ हलवते. दुसरी काळे कपडे घालून रंगमंचाच्या कडेला उभी राहून गाते.

"अहो, पोरीला पूर्ण भूमिका करू द्या की," झनार्दी म्हणाला. "तिचं नशीब उघडेल."

"नशीब कोपऱ्यातूनही उघडतं."

डेल्फिनाचं तोंड एवढंसं झालं. "बाई म्हणतील तसं," ती म्हणाली. तिचा हा गरीबपणासुद्धा एर्सिलियाला सोसवेना.

पहिला अंक छान पार पडला. दुसऱ्यात राणीचं मोठं गाणं. त्यात एक लांबलचक ओळ आहे, ती एका दमात गायची. तरुणपणी एर्सिलिया गायची तशी. पुढे दम पुरेना, तेव्हा ती मध्येच एक चोरटा श्वास घ्यायला लागली. तेवढ्यापुरती मान वळवायची, पंखा तोंडाशी धरायची. कुणाच्या बापाला कळत नाही, अशी तिची खात्री होती.

आजही ती ओळ आली. सवयीनं मान वळली, पंखा वर गेला, तोंड मिटलं, छाती फुगली. आणि आवाज मात्र चालूच राहिला. कोपऱ्यातून डेल्फिना ती ओळ अखंड, सहज, पार टोकापर्यंत घेऊन गेली.

गॅलरीत खसखस पिकली. "राणीसाहेब, तोंड उघडा!" कोणीतरी ओरडलं.

मध्यंतरात एर्सिलियानं पोरीचा दंड धरला. "मुद्दाम केलंस."

"नाही हो बाई! तुम्हीच शिकवलंत ना, इथे मर, पण श्वास घेऊ नकोस म्हणून."

एर्सिलियानं तिचा दंड सोडला.

"शेवटच्या अंकात ती ओळ परत येते," डेल्फिना हळूच म्हणाली. "मी तिथे तुमच्यासारखा श्वास घेते. म्हणजे जुळेल."

नको म्हणायला हवं होतं. पोरीची सगळ्यात सुंदर ओळ मोडणार, हे गुरूला कळत नव्हतं थोडंच? पण घरी जाताना लोकांच्या कानात ती अखंड ओळ राहील, या विचारानंच तिचा जीव जळला.

"घे," ती म्हणाली.

शेवटचा अंक. मान वळली, पंखा वर गेला, आणि कोपऱ्यातला आवाजही नेमका तिथेच तुटला. अगदी बेमालूम जुळलं. एर्सिलियाला क्षणभर बरं वाटलं.

मग वरून प्रीमो न्हाव्याचा आवाज आला. तिच्या आयुष्यातल्या पहिल्या प्रयोगाला दुकान बंद करून फुलं घेऊन आलेला प्रीमो.

"एर्सिलिया, अगं, तुझ्या श्वासाकडे आम्ही इतकी वर्षं कानाडोळा केला! या पोरीला कशाला लावलीस ती खोड?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ते तिला सांभाळून घेत होते. पंख्यामागे तिचा चेहरा रडवेला झाला, पण अभिनय तिनं शेवटपर्यंत निभावला.

पडदा पडला तरी डेल्फिना कोपऱ्यातच डोळे पुसत उभी होती. एर्सिलिया तिच्यासमोर येऊन थांबली. पोटातलं दुखणं तसंच होतं, किंबहुना वाढलं होतं.

"उद्या तू उभी राहा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"आणि तुम्ही, बाई?"

"मी वर बसेन, प्रीमोच्या शेजारी. त्या ओळीत श्वास घेतलास, तर पहिली शिट्टी माझी."