आडातली शेवटची मादी

मित्रांनो, मी एका जुन्या आडाची जुनी रहिवासी आहे. खेकडा-कोळंबीच्या भावकीतली, पण तांदळाच्या कणीएवढी. पांढरी आणि आंधळी. लोहारा तालुक्यातलं हे गाव भूकंपात पडलं, माणसं नव्या जागी गेली. आमचं घराणं आडाच्या खडकातच राहिलं. मला पायांच्या सात जोड्या आहेत आणि एकही स्वस्थ बसत नाही.

मग करिश्मा जाळी घेऊन आली. मेंढपाळाची पोर, कॉलेजात पाण्यातल्या जिवांचा अभ्यास करते. आधी तिनं आमचे दोन नर नेले, स्पिरिटात बुडवले, कापले, त्यांचे पाय मोजले. नुसती नवी जात नव्हे, अनेक जाती पोटात घेणारी अख्खी नवी प्रजाती निघाली. पण मादीशिवाय वर्णन पुरं होईना. म्हणून तिनं मला धरलं, आडाच्याच पाण्यात बाटलीत ठेवलं आणि आनंदाच्या भरात गावाला सांगून टाकलं, आडात जीव सापडलेत.

इथंच चुकलं. पाणीवाला गोरोबा कामाला चोख. त्या आडाचं पाणी आता माणूस पीत नाही, पण पाण्यात जीव म्हणजे रोगराई, एवढंच त्याला शिकवलेलं. सकाळीच त्यानं जंतू मारायची टीसीएल पावडर दुप्पट ओतली आणि मोठ्या समाधानानं करिश्माला म्हणाला, "ताई, आता घोर न्हाय. एक बी जित्ता ठिवला न्हाय."

करिश्मानं अकरा वेळा जाळी सोडली. अकराही वेळा रिकामी आली. गोरोबाला शिव्या देऊ नका. अर्धवट शिकवणाऱ्यांना द्या, मीही देते.

तिच्या सरांनी फोनवर सांगितलं, उरलीय ती कापून घे, लेख अडलाय. करिश्मानं स्पिरिटचं झाकण उघडलं. शेळ्यांना आडापासून हाकलत तिची काकी नागूबाई तिथं आली आणि भिंगातून डोकावली. माझ्या छातीखालच्या पिशवीत चार अंडी होती.

"पोटुशी हाय की गं," ती म्हणाली. "तिला कापतीस व्हय?"

करिश्मानं भिंगातून पुन्हा एकदा पाहिलं. मग तिनं झाकण लावलं.

तीन दिवस झाले, चूक कळल्यापासून गोरोबा आड उपसतोय, कुणी न सांगता. पावडर निघून झऱ्याचं पाणी गोडं झालं की मला परत सोडणार आहेत. वर्णनात मादीपुढची जागा कोरी होती, तिथं करिश्मानं लिहिलंय, 'मादी जिवंत आहे.' सर रागावतील. रागावू द्या.

मित्रांनो, पाण्यात कोणी अनोळखी दिसलं, तर ते कोण आहे हे आधी जाणत्याला विचारा. पावडर कुठं पळून जात नाही. आम्ही मात्र एका सकाळीत संपतो.

माझे पाय काचेवर घसरतायत. गोरोबाची बादली वाजते, आणि मी एकेक खेप मोजत राहते.