जुबैदाने वाचलेलं पुस्तक

बाभुळगावच्या वाचनालयात लहान मुलांचं कपाट आलं ते १९६० साली. त्याआधी मुलांनी आत यायचं नाही असा काही नियम नव्हता, पण त्यांच्यासाठी आत काही नव्हतंही. मोठी माणसं वर्तमानपत्र वाचायची आणि पोरं दाराशी उभी राहून डोकावायची. मग जिल्ह्याच्या गावाहून त्रेसष्ट पुस्तकं आली, जाळीचं एक कपाट आलं, आणि ते सांभाळायला कोणीतरी पाहिजे म्हणून समितीने सत्यशीलाला नेमलं.

सत्यशीला वीस वर्षांची होती. तिचा बाप उकंडा जिनिंगमध्ये गाठी बांधायचा. छप्पन साली मोहल्ल्यातल्या सगळ्यांबरोबर तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या मुलीचं ठरत आलेलं लग्न थांबवून तिला पुन्हा शाळेत बसवलं. ती सातवी पास झाली. वाचनालयाच्या जागेसाठी चार अर्ज आले होते. सचिव शंकरसिंग गुरुजी निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी चारही अर्ज टेबलावर मांडले आणि ज्याचं अक्षर सगळ्यांत चांगलं तो उचलला. समितीचे दोन सभासद त्यानंतर बैठकीला यायचे बंद झाले. गुरुजींनी उरलेली माणसं मोजली, बैठक भरते असं पाहिलं आणि काम पुढे चालू ठेवलं.

पहिले काही महिने मुलं पुस्तक घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी न वाचताच परत आणायची. घरी वाचायला बसलं की कोणी पाणी आणायला पाठवायचं, कोणी लहान भावाला मांडीवर द्यायचं. म्हणून सत्यशीलाने रविवारी तीन वाजता मुलांनी आयांना घेऊन यावं असं ठरवलं. बापांनाही बोलावलं होतं, ते फारसे आले नाहीत. आया आल्या. तुरीच्या शेंगा सोलायला, गहू निवडायला सोबत घेऊन आल्या. मुलं आळीपाळीने वाचायची आणि आया हातातलं काम करत ऐकायच्या. सतरंज्या दोन होत्या. कोणी कोणत्या सतरंजीवर बसायचं हे कोणी न सांगता पहिल्याच रविवारी ठरलं होतं. पण चित्र एकाच पुस्तकात असे आणि ते सगळ्या पोरांना बघायचं असे, त्यामुळे पावसाळा येईपर्यंत ते आपोआप मोडलं.

या बैठकीला रहमत सायकलवाल्याची बायको जैबुनबी येत असे. तिची मुलगी जुबैदा नऊ वर्षांची होती आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात वाचायची. तिचं एक ठरलेलं पुस्तक होतं. कुंभाराचं एक गाढव समुद्र बघायला निघतं. वाटेत प्रत्येक गावात त्याला कोणीतरी कामाला ठेवून घेतं, आणि प्रत्येक वेळी ते काम पुरं करून पुन्हा चालू लागतं, एवढीच गोष्ट. जुबैदाने ते इतक्यांदा नेलं की शेवटी सत्यशीला नोंदवहीत तिचं नाव आधीच लिहून ठेवू लागली.

१९६२ च्या होळीनंतर गावात देवी निघाल्या. आधी बाजारपेठेत एक, मग मशिदीमागे दोन, मग सगळीकडे. शाळा बंद झाली. वाचनालयाला कुलूप लागलं. टोचणारे यवतमाळहून आले आणि घरोघर फिरले. जुबैदाला ताप भरला त्या दिवशी रहमतने चार वर्षांच्या अय्यूबला सायकलच्या दांड्यावर बसवलं आणि मारेगावला त्याच्या मावशीकडे नेऊन सोडलं. तो परत आला तेव्हा मुलीच्या तोंडावर फोड उठले होते. नवव्या दिवशी जुबैदा गेली.

एप्रिलमध्ये साथ ओसरली. आरोग्य खात्याचे बळीरामपंत अकरा घरांची यादी घेऊन वाचनालयात आले. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"या घरांत तुमची पुस्तकं असतील तर गोळा करा आणि जाळा," ते म्हणाले. "उन्हात ठेवून भागणार नाही. तुम्हाला टोचलं आहे ना?"

"शाळेत असताना टोचलं होतं. आत्ता पुन्हा टोचून घेतलं," सत्यशीला म्हणाली.

"मग तुम्हीच जा. दुसऱ्या कोणाला पाठवू नका."

तिने नोंदवही काढली. सात पुस्तकं त्या घरांत होती. सहा एका दिवसात मिळाली. लोकांनी ती लाकडाने ढकलून दिली, किंवा नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. वाचनालयामागच्या खड्ड्यात तिने ती रॉकेल टाकून जाळली. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक जळायला वेळ लागतो, म्हणून काठीने पानं सुटी करत उभी राहिली. सातवं पुस्तक रहमतच्या घरी होतं.

"हरवलं," जैबुनबी म्हणाली. ती दारातच बसली होती. घरातली गोधडी, उशी, जुबैदाचे कपडे, सगळं आधीच जाळलेलं होतं. अंगणात त्याची काळी खूण होती.

सत्यशीला परत गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली. तेव्हाही तेच उत्तर मिळालं. रहमत दुकानात चाक फिरवत होता, त्याने मान वर केली नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती ओट्याच्या टोकाला बसली आणि काही विचारलं नाही.

"मले मालूम आहे तू कायले येऊन राह्यली," शेवटी जैबुनबी म्हणाली. "किताब पेटीत आहे. कुलूप लावलं आहे. कोणाले काय होते त्यानं?"

"अय्यूब कधी येणार आहे, चाची?"

"पुढच्या जुम्म्याले आणतील."

"कुलूप कधीतरी उघडसाल ना तुम्ही. उघडलं की तो पाहायले येईल. बहिणीचं पुस्तक आहे म्हणून हातात घेईल."

जैबुनबीने अंगणातल्या काळ्या खुणेकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिचं सगळं जाळलं मी. माह्या हातानं जाळलं. रडली बी नाही. आता हे बी जाळलं तं तिचं वाचणं कुठं राह्यलं?"

मग जैबुनबी जमिनीकडे बघत हळूहळू बोलू लागली. आधी सत्यशीलाला वाटलं की ती स्वतःशीच काही पुटपुटते आहे. मग शब्द ओळखू आले. कुंभाराचं गाढव पहाटे उठलं, मडकी मोजली आणि कुंभाराला म्हणालं की आज मी येत नाही, आज मी समुंदर पाह्यले चाललो. जैबुनबीला अक्षर येत नव्हतं. पण दीड वर्ष दर संध्याकाळी चुलीपाशी तिने ती गोष्ट ऐकली होती, आणि पान उलटताना जुबैदा जिथे थांबायची तिथे तीही थांबत होती.

"थांबा," सत्यशीला म्हणाली. "मी कागद आणते. तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

लिहायला तीन दुपारी लागल्या. सत्यशीला ओट्याच्या एका टोकाला, जैबुनबी दाराच्या आत. पहिल्या दिवशी सत्यशीलाने "समुंदर" खोडून "समुद्र" लिहिलं. जैबुनबीने विचारलं, "काय खोडलं?" तिने सांगितलं. "जुबैदा समुंदर म्हणत होती," जैबुनबी म्हणाली. सत्यशीलाने पुन्हा समुंदर लिहिलं आणि त्यानंतर काही खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाढव कळंबला पोचलं. तिथे चिंतामणीच्या देवळासमोर एका फुलवाल्याने त्याला ठेवून घेतलं. मग ते मारेगावला गेलं आणि एका मावशीच्या घरी दोन दिवस राहून ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. छापील पुस्तकात यातलं एकही गाव नव्हतं. तिथे नुसतं "एक गाव" होतं, "दुसरं गाव" होतं. जुबैदा वाचताना आपल्या मनाने नावं घालत होती आणि आईला वाटत होतं की तसंच छापलेलं आहे.

"असंच आहे ना किताबीत?" जैबुनबीने विचारलं.

सत्यशीलाने लेखणी थांबवली. खरं सांगावं की नाही, हे तिला त्या घटकेला ठरवता आलं नाही. "जुबैदा असंच वाचत होती ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग असंच."

तिसऱ्या दिवशी गोष्ट संपली. जैबुनबी आत गेली, पेटीचं कुलूप काढलं, पदरात धरून पुस्तक बाहेर आणलं आणि अंगणातल्या काळ्या खुणेवर ठेवलं. काडी तिनेच ओढली. पान जळताना एकदा उघडलं, तेव्हा तिने तोंड फिरवलं. रहमत दुकानातून उठून आला आणि तिच्यामागे उभा राहिला. आग विझल्यावर त्याने राख गोळा केली आणि डाळिंबाच्या झाडाच्या आळ्यात टाकली.

सत्यशीलाने घरी जाऊन दोन प्रती चांगल्या अक्षरात काढल्या. एक जैबुनबीला दिली. दुसरी घेऊन ती रहमतच्या दुकानात गेली, कारण गावात पुस्तक बांधणारा कोणी नव्हता. रहमतने पानं नीट ठोकून घेतली, सीटच्या कातड्याचा तुकडा कापला आणि पंक्चर काढायच्या सोल्युशनने पाठीला चिकटवला. आत काय लिहिलं आहे ते त्याने विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "पाण्यात पडलं तरी सुटणार नाही."

शंकरसिंग गुरुजींनी ती प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. हेडमास्तर असताना वापरायचे तशी तांबडी पेन्सिल त्यांच्या हातात होती.

"बाई, हे मराठी नाही," ते म्हणाले. "हिंदीही नाही. आणि मूळ पुस्तकात मारेगाव कुठे होतं?"

"नव्हतं, गुरुजी."

"मग हे ते पुस्तक नाही. जळलेल्याच्या जागी मी हे नोंदवू शकत नाही."

सत्यशीला वाद घालणाऱ्यांतली नव्हती. त्या तीन दुपारी काय घडलं ते तिने सांगितलं. गुरुजी पेन्सिलीच्या टोकाने टेबल टोकरत होते.

"नवीन पुस्तक म्हणून नोंदवा," शेवटी ते म्हणाले. "लेखकाच्या रकान्यात काय लिहिणार?"

"जुबैदा रहमत."

गुरुजींनी तांबडी पेन्सिल खिशात ठेवली. पुस्तकात त्यांनी एकही खूण केली नव्हती.

रविवारची बैठक जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. जैबुनबी आली नाही. सहा महिने आली नाही. तिला यायला सांगावं असं काही बायकांना वाटलं. सत्यशीला म्हणाली, राहू द्या. मुलं कातडी पाठीचं पुस्तक मागून वाचत. त्यात आपल्या ओळखीची गावं आहेत याचं त्यांना फार कौतुक होतं. एका मुलीने तक्रार केली की गाढव बाभुळगावात का थांबत नाही. सत्यशीलाने सांगितलं की ते निघतंच बाभुळगावातून.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला टोचणाऱ्यांची फेरी पुन्हा येणार असं बळीरामपंतांनी कळवलं. या वेळी कोणी आजारी नव्हतं, त्यामुळे घरोघर गेलं तर दारं बंद मिळतील हे त्यांनाही माहीत होतं. सत्यशीलाने त्यांना रविवारी तीन वाजता वाचनालयात यायला सांगितलं. आयांना तिने काही लपवलं नाही. आधीच्या रविवारीच सांगून टाकलं. तरी पस्तीसेक बाया आल्या. पण बळीरामपंतांनी टेबलावर सुया मांडल्या तशा मागच्या दोघी उठल्या आणि पोरांना ओढत दाराकडे निघाल्या. त्यांच्यामागे आणखी चारपाच उठल्या.

दारात जैबुनबी उभी होती. तिने अय्यूबचा हात धरला होता. ती कधी आली ते कोणी पाहिलं नव्हतं.

"कुठं चालली, कौसल्या?" तिने पुढच्या बाईला विचारलं.

"पोट्ट्याले ताप येते टोचल्यावर. हात सुजते. कायले टोचाचं उगंच?" कौसल्या म्हणाली.

"देवी निघाच्या आधी दोनदा आले होते टोचणारे माह्या घरी," जैबुनबी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "दोन्ही टाइमाले मी जुबैदाले कोठीत लपवलं. पोरगी घरी नाही म्हणून सांगतलं. पोट्टी आतून हसत होती. तिले खेळ वाटला. म्या आत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला."

रहमतलाही हे माहीत नव्हतं, असं नंतर कळलं.

जैबुनबी बायकांमधून वाट काढत टेबलाकडे गेली. अय्यूब रडायला लागला होता. तिने त्याची बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि दंड घट्ट धरून बळीरामपंतांपुढे केला.

"टोचा," ती म्हणाली.

कौसल्या दारात थांबली होती. ती परत फिरली आणि अय्यूबच्या मागे आपल्या मुलाला उभं केलं. बाकीच्याही एकेक करून आल्या. दोघी मात्र निघून गेल्या. त्या दिवशी एक्केचाळीस मुलांना टोचलं. सगळीकडे रडारड चालली होती आणि वाचन सुरू व्हायला पाच वाजले. जैबुनबी भिंतीला टेकून बसली. अय्यूब तिच्या मांडीवर झोपला होता. कोणीतरी तिच्यापुढे तुरीच्या शेंगांचं सूप सरकवलं, आणि ती सोलू लागली.