पंधरावं नाव

मी हजेरीची वही बोलतेय. माझ्या पोटात दोन महिन्यांचं खोटं आहे, ते एकदा सांगून टाकते.

१९७४च्या जूनमध्ये मी कोल्हापुरातल्या विद्यापीठाच्या एका लहानशा विभागात आले. तिथले कारकून गणपतराव मुरगूडचे. त्यांनी वळणदार अक्षरात माझ्यात पंधरा नावं लिहिली. शेवटचं नाव सरू पडवळचं. ती गगनबावड्याहून एसटीनं यायची आणि इतक्या मोठ्यानं "हजर" म्हणायची की वर्ग हसायचा.

पंधरा हा आकडा सरकारनं ठरवलेला. दरवर्षी पटाची माहिती सरकारकडे जायची, मग तपासनीस येऊन ती पडताळायचे. पट एकानं जरी उतरला तरी दुसऱ्या शिक्षकाची जागा रद्द. ती जागा नंदिनीबाईंची. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई, आणि मिळवत्या त्या एकट्याच.

श्रावणात सरू येईनाशी झाली. गणपतराव गैरहजेरी मांडायला लागले, तर विभागप्रमुख हंबीरराव म्हणाले, "हजर मांडा. तपासणी तोंडावर आलीय. येईल ती."

"आन् न्हाय आली तर?"

"मग नंदिनीबाईंना घरी बसवू? तुम्हीच सांगा."

गणपतरावांनी 'ह' लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला. पुढं त्यांनी विचारायचंच सोडलं.

तपासणीच्या आधीच्या रविवारी नंदिनीबाई सरूला आणायला स्वतः गगनबावड्याला गेल्या. सोमवारी त्यांनी हंबीररावांच्या खोलीचं दार आतून लावलं. मी टेबलावरच होते. सरू काविळीनं गेली होती. श्रावणातच.

"चार दिवस कुठं बोलू नका," हंबीरराव हळूच म्हणाले. बाईंनी मान खाली घातली.

तपासनीस इनामदार साहेब आले. वर्गात उभं राहून त्यांनी मला उघडलं आणि एकेक नाव पुकारू लागले. मागच्या बाकावर शेजारच्या विभागातली एक मुलगी आणून बसवली होती. पदराचं टोक ती बोटाला घट्ट गुंडाळत होती. चौदा नावं झाली. साहेबांचा अंगठा माझ्या शेवटच्या ओळीवर आला.

"सरू ज्ञानू पडवळ."

"ह..." ती पुटपुटली.

"मोठ्यानं बोला."

"थांबा साहेब," नंदिनीबाई उभ्या राहिल्या. "ही सरू नाही. सरू वारली. मी तिच्या घरी गेले होते. तिची आई विचारत होती, 'कालिजात माज्या पोरीचं नाव हाय का अजून?' मी 'आहे' म्हटलं. ती माझे हात धरून रडली. नाव कशासाठी ठेवलंय, ते सांगायला माझी जीभ रेटली नाही."

हंबीरराव खिडकीबाहेर बघत राहिले. साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि पट चौदा लिहिला.

हंबीररावांना नोटीस आली. बाईंची जागा महिन्याभरात गेली. गारगोटीच्या एका शाळेत त्यांना काम मिळालं, पण मधलं एक वर्ष फार ओढाताणीचं गेलं, असं ऑफिसात बोलायचे.

गणपतरावांना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. एका दुपारी त्यांनी आपणहून मला उघडलं आणि सरूच्या नावापुढं, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मयत, श्रावण. त्यापुढची हजेरी खोटी. ती मी लिहिली.' खाली पूर्ण सही केली आणि मला इनामदार साहेबांकडे नेऊन दिलं. त्यांची बदली झाली.

आज १९८६ साल आहे. माझी शिवण सुटलीय, कोपरे कसरीनं खाल्लेत. मागच्या आठवड्यात गेल्या पंधरा वर्षांचे आकडे गोळा करायला सरकारी माणसं आली. त्यांनी माझ्यातला '१४' उतरवून घेतला आणि मला मिटलं. आकडा बरोबरच आहे, माझी तक्रार नाही.

लवकरच मला रद्दीत घालतील. घाला. पण त्याआधी कुणीतरी सरूच्या ओळीवरून शेऱ्यापर्यंत बोट न्या हो. माणूस मेल्यावर त्याला निदान गैरहजर तरी राहू द्यावं.