फ्रिजच्या आतले दोन रेग्युलेटर

धायरीच्या फ्लॅटमध्ये आमोदने बिअरसाठी वेगळा फ्रिज आणला, तेव्हा त्याचे वडील श्रीनिवास एवढंच म्हणाले, "छान. दुधाला जागा पुरत नव्हतीच." त्यानंतर चार महिने त्यांनी त्या फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही. बत्तीस वर्षं एका कारखान्यात प्रेशर गेज आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात घालवलेला हा माणूस चहापलीकडे काही घेत नसे.

फ्रिजमध्ये बिअरचे दोन स्टीलचे पिंप होते, दाराला दोन नळ. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बाजूला जमिनीवर. दोन बिअरना दोन वेगळे दाब लागत, म्हणून रेग्युलेटरही दोन, आणि ते पॅसेजमध्ये नळ्यांवर लोंबकळत असत. मागच्या आठवड्यात आमोदच्या चार वर्षांच्या मुलीने, अपूर्वाने, त्यातल्या एकाची चावी गरागरा फिरवली आणि नळी फाटकन सुटून तिच्या कानाजवळून गेली. लागलं काही नाही. पण सुरुचीने, आमोदच्या बायकोने, शांतपणे सांगितलं, "हे सगळं फ्रिजच्या आत बसव, नाहीतर बाहेर काढ. बाहेर म्हणजे घराबाहेर."

शनिवारी दुपारी सुरुची मार्केट यार्डला गेली होती. पॅसेजला लागूनच्या खोलीत अपूर्वा जमिनीवरच्या गादीवर झोपली होती. आमोदने पिंप बाहेर काढले, रेग्युलेटर फ्रिजच्या तळाशी ठेवले, काटे नीट फिरतात का ते बघायला सिलिंडर उघडला आणि तसाच ठेवून फ्रिजच्या आतल्या भिंतीला भोक पाडायला ड्रिल हातात घेतलं.

"त्या भिंतीत काय आहे, माहीत आहे का?" खुर्चीतून श्रीनिवासांनी विचारलं.

"फोम असतो बाबा. व्हिडिओत बघितलंय."

"व्हिडिओतला फ्रिज हाच होता का?"

आमोदने ड्रिल चालू केलं. प्लास्टिक सहज फुटलं आणि ड्रिलचा बिट एकदम आत घुसला. तोल जाऊन त्याचं कोपर खालच्या नळ्यांवर आपटलं. त्याने ड्रिल बंद केलं आणि त्याला आवाज ऐकू आला. बारीक, सलग, सुसाट फुसफुस.

"गेला," तो म्हणाला. "बाबा, फ्रिजचा पाइप फुटला. हा गॅस पेट घेतो."

तो प्लग काढायला वळला, तोच श्रीनिवास ओरडले, "हात लावू नकोस! ठिणगी पडेल. आधी पोरीला उचल."

आमोद धावला. झोपेतली अपूर्वा खांद्यावर टाकून तो जिन्यात आला, तेव्हा श्रीनिवास मजल्यावरच्या मीटरपाशी घराचा मेन स्विच खाली ओढत होते. अपूर्वाने डोळे किलकिले केले, "आबा, लाइट गेले?" असं विचारलं आणि परत मान टाकली.

"तू इथेच थांब," श्रीनिवास म्हणाले.

"बाबा, तुम्ही नका जाऊ."

पण ते गेले. खिडक्या सरकल्याचा आवाज आला, बाल्कनीचं दार उघडल्याचा आला. मग काहीच नाही. आमोदने दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला आतून उत्तर आलं, "ये आत. तुझा फ्रिज नाही फुटला. सिलिंडरची नळी सैल झाली होती. बंद केलाय मी."

फुसफुस खरंच थांबली होती. आमोदला हसावं की रडावं कळेना. तो अपूर्वाला घेऊन बाल्कनीच्या दारात बसला.

श्रीनिवास समोरच्या खुर्चीत बसले.

"हा सिलिंडरमधला वायूही काही साधा नाही," ते म्हणाले. "जड असतो, खाली साचतो. आणि ही खालीच झोपली होती." मग म्हणाले, "आमच्याकडे उत्तरेश्वर म्हणून फिटर होता. लातूरकडचा. व्हॉल्व्ह बघायला खड्ड्यात उतरला आणि उभ्या उभ्या कोसळला. आम्ही दोरीने वर ओढला त्याला."

"मग?"

"वाचला. आता कात्रजला नर्सरी आहे त्याची. पण त्याला ओढून काढेपर्यंतची ती चार-पाच मिनिटं…" आमोदला ही गोष्ट माहीत नव्हती. वडिलांच्या नोकरीतलं त्याला फारसं काही माहीतच नव्हतं.

अर्ध्या तासाने मेन चालू केल्यावर, फ्रिजचे पाइप नेमके कुठून जातात ते बघायला श्रीनिवासांनी स्वयंपाकघरातून कॉर्नफ्लोअर आणि औषधाच्या डब्यातून स्पिरिट मागवलं. दोन्ही पातळ कालवून त्यांनी फ्रिजच्या बाहेरच्या बाजूला फासलं आणि फ्रिज चालू केला. आतल्या पाइपांनी पत्रा तापला, तसा तेवढाच भाग आधी वाळून पांढरा झाला. आमोदने आतलं भोक मापून बाहेर खूण केली. ती बरोबर एका पांढऱ्या रेघेवर आली.

"बिट बोटभर आणखी आत गेला असता तर…" आमोद पुटपुटला.

"गेला नाही ना? मग ते सोड. भोक बुजव आणि प्लायचा तुकडा आण. फ्रिजला आता एकही स्क्रू लागणार नाही."

प्लाय आतल्या भिंतीला गोंदाने चिकटवला आणि तो घट्ट होईपर्यंत दोघं चहा पीत बसले. संध्याकाळी दोन्ही रेग्युलेटर त्या प्लायवर आखूड स्क्रूंनी बसले. श्रीनिवासांनी सिलिंडर उघडून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं, चष्मा कपाळावर चढवून पाच मिनिटं पाहत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. दोन्ही काटे आपापल्या आकड्यावर स्थिर उभे होते.

"काम चांगलं झालं," ते म्हणाले. आमोदने हे वाक्य त्यांच्या तोंडून दहावीनंतर ऐकलं नव्हतं.

सुरुची आली, तेव्हा आमोदने तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती आधी अपूर्वाकडे गेली, तिला जवळ ओढलं, मग सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात म्हणून."

"मी नुसता बसलो होतो," श्रीनिवास म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

जेवणं आटोपल्यावर आमोद पाणी प्यायला बाहेर आला. बाबा खुर्चीतच झोपले होते, तोंड किंचित उघडं, श्वास संथ. तो क्षणभर त्यांच्या छातीची हालचाल बघत उभा राहिला. मग त्याने पंखा एकाने कमी केला आणि कपाटातून चादर काढून त्यांच्या पायांवर घातली.