निळा भात

नंदनवन वस्तीतल्या त्या अंगणात गुरुवारी चपला काढायला जागा नसे. काटोल-नरखेडच्या एस.टी.तून उतरलेल्या बाया निळसर ओठांची, धापा टाकणारी तान्ही घेऊन रांगेत बसत. मार्तंड महाराज बाळाच्या पोटावर पांढऱ्या कापडाची घडी ठेवत, पिवळसर तीर्थ शिंपडत, आणि घडी बघता बघता निळी-काळी होई.

"विष निघून राहिलं, बघा. डॉक्टर छातीत शोधतात, आजार पोटात बसला आहे. आईचं दूध बंद. नुसतं तीर्थ पाजा."

घडी जेवढी मोठी, तेवढं विष जास्त निघे. याचं कुणाला नवल वाटलं नाही.

१९७७च्या त्या गुरुवारी रांगेत गिरिधर मास्तर होते. शाळेत ते विज्ञान शिकवत. त्यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या हृदयात जन्मतःच दोष होता. सोमवारी मुंबईचे सर्जन येऊन ऑपरेशन करणार होते. डॉक्टर उत्तराबाईंनी बजावलं होतं की अशा बाळांच्या आतड्याला प्राणवायू कमी पोचतो, ते नाजूक असतं. आईचंच दूध द्या, थोडं थोडं, दुसरं काही नको. पण ऑपरेशनच्या धास्तीने मास्तर इथे आले. आधी डॉक्टरांना विचारू, असं पत्नी सुमती म्हणाली, तर तिला त्यांनी गप्प केलं.

शनिवारी बाळाचं पोट टम्म फुगलं. त्याला रडायचंही त्राण उरलं नाही. सुमती ताटावरून घाईने उठली, तिच्या धक्क्याने तीर्थाची बाटली ताटात कलंडली. भात निळा-काळा झाला.

"आता भातालेही विष चढलं का?" तिने विचारलं.

मास्तर ताटाकडे पाहत राहिले. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून हाच रंग ते दरवर्षी आठवीच्या मुलांना दाखवत. घडीला पेजेची, म्हणजे पिष्टाची, खळ होती आणि तीर्थात आयोडीन. तेच त्यांनी स्वतःच्या हाताने मुलाला पाजलं होतं.

बाळाला दवाखान्यात नेलं, तेव्हा उत्तराबाई रागावल्या नाहीत. फुगलेल्या पोटाच्या बाळाला भूल देता येणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. सर्जन दुसऱ्या बाळाचं ऑपरेशन करून परत गेले. मास्तरांच्या मुलाला पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं होतं, तोवर तो तगला तर. पोट उतरल्यावर सुमतीचं दूध थेंबाथेंबाने सुरू झालं.

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी अंगणात सगळ्यांसमोर आयोडीन टाकून भात निळा करून दाखवला. मग गरम पाण्यात धुऊन खळ काढलेली घडी महाराजांपुढे धरली आणि यावर विष काढा म्हणाले. महाराजांची तत्काळ समाधी लागली.

नरखेडकडची वच्छला लेकीला छातीशी धरून उठली.

"मास्तर, मी त अडाणी आहो. तुमाले हे ठाऊक होतं, त मागच्या खेपेले माह्यापुढं रांगेत काहून उभे होते? तुमाले पाहूनच मी हिचं दूध तोडलं."

मास्तरांची मान खाली गेली.

"भ्यालो होतो, म्हणून विचार केला नाही," ते म्हणाले. "तुम्ही माझ्याकडे पाहून चुकलात, आताही माझ्याकडे पाहून ठरवू नका. जो तपासू देत नाही, त्याच्या हाती लेकरू देऊ नका. आधी हिला पाजा, मग दवाखान्यात चला."

वच्छला भिंतीकडे वळली. तिने लेकीला पदराखाली घेतलं. मास्तर दाराशी पाठमोरे उभे राहिले.